एक प्राध्यापक, एक प्रिंटर आणि फुगत जाणारी ऑर्डर

गोदामात माल पडून असतो आणि गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हाताने परत जातं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, याचा छडा लावण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक हाउ ली यांनी आपली कारकीर्द वेचली. पुरवठा साखळीचा प्राध्यापक नेमकं काय करतो, हे त्यांच्या कामातून चांगलं समजतं.

ली यांनी हाँगकाँग विद्यापीठात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राचा अभ्यास केला. पुढे लंडनला ऑपरेशन्स रिसर्च शिकले आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. किती माल ठेवायचा, कुठे ठेवायचा आणि तो केव्हा मागवायचा, अशा निर्णयांचं गणित मांडणारं शास्त्र म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च. १९८३ मध्ये ते स्टॅनफर्डच्या औद्योगिक अभियांत्रिकी विभागात रुजू झाले.

त्यांचं गाजलेलं काम एका प्रिंटरवरचं आहे. ह्युलेट-पॅकार्डचे डेस्कजेट प्रिंटर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर शहरात तयार होत. युरोपात जहाजाने माल पोहोचायला सुमारे महिना लागे. प्रत्येक देशाचा प्लग निराळा, विजेचा दाब सगळीकडे सारखा नाही, माहितीपुस्तिकेची भाषाही वेगळी. त्यामुळे कोणत्या देशात किती प्रिंटर जाणार, हे कारखान्यातच आणि महिनाभर आधी ठरवावं लागे. अंदाज चुकला की एका देशाचे प्रिंटर संपत आणि दुसऱ्या देशाचे गोदामात धूळ खात पडत.

ली आणि कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज अधिक अचूक करण्यापेक्षा निर्णयाची वेळच पुढे ढकलली. संपूर्ण युरोपची एकत्रित मागणी सांगणं तुलनेने सोपं असतं, कारण एका देशातली वाढ दुसऱ्या देशातल्या घटीने भरून निघते. म्हणून कारखान्यातून कोणत्याही देशाला चालेल असा प्रिंटर पाठवायचा आणि वीजपुरवठ्याचा भाग, प्लग व पुस्तिका युरोपातल्या वितरण केंद्रात घालायची, असं ठरलं. यासाठी प्रिंटरची रचना बदलावी लागली. विजेचा भाग आतून काढून बाहेरून जोडता येईल असा करावा लागला. उत्पादनखर्च किंचित वाढला, पण उत्पादन, वाहतूक आणि साठा यांचा एकूण खर्च २५ टक्क्यांनी उतरला. साठ्याच्या दुखण्यावरचा उपाय डिझाइनच्या टेबलावर सापडला होता.

दुसरा प्रश्न होता फुगत जाणाऱ्या ऑर्डरचा. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला डायपरच्या बाबतीत एक कोडं पडलं होतं. बाळांची गरज जवळपास स्थिर, दुकानातली विक्रीही फारशी हलत नाही, तरी वितरकांच्या ऑर्डर मात्र जोरात वरखाली होतात. मनगटाच्या छोट्या झटक्याने आसुडाचं टोक जसं दूरवर उसळतं, तसंच हे. म्हणून याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात.

हे घडतं कसं, ते आकड्यांत पाहू. दुकानदार, वितरक आणि कारखाना हे तिघेही दोन आठवडे पुरेल इतका माल ठेवतात असं समजा. आठवड्याची विक्री १०० नगांची, म्हणून प्रत्येकाकडे २०० नग आहेत. एका आठवड्यात विक्री ११० होते. दुकानदाराकडे ९० उरतात. नव्या हिशेबाने त्याला २२० हवेत, म्हणून तो १३० मागवतो. वितरकाला दिसते ती १३० ची मागणी. त्याच्याकडे ७० उरतात, त्याला २६० हवेत, म्हणून तो १९० मागवतो. कारखान्याकडे १० उरतात, ३८० हवेत, म्हणून तो ३७० नग बनवायला घेतो. पुढच्या आठवड्यात विक्री ११० वरच राहिली तरी वितरकाची ऑर्डर ७० वर येते आणि कारखान्याला काहीच बनवावं लागत नाही. गिऱ्हाइकाने दहा नग जास्त घेतले, एवढंच घडलं होतं. तिघांपैकी कुणीही वेडेपणा केलेला नाही.

ली यांनी व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग यांच्यासह १९९७ मध्ये याची चार कारणं मांडली. प्रत्येक जण आपल्या पुढच्याच्या ऑर्डरवरून अंदाज बांधतो. वाहतुकीचा खर्च वाचवायला ऑर्डर साठवून एकदम दिल्या जातात. सवलतीच्या काळात गरजेपेक्षा जास्त खरेदी होते. आणि तुटवड्याची चाहूल लागली की लोक मुद्दाम फुगवून मागणी नोंदवतात. हे चौथं कारण २०२१ च्या चिप तुटवड्यात जगभर दिसलं आणि त्या तुटवड्याची झळ पुण्याजवळच्या वाहन उद्योगालाही बसली. उपायही कारणांतूनच निघतात: दुकानातल्या विक्रीचे आकडे साखळीतल्या सर्वांना दाखवा, छोट्या ऑर्डर वरचेवर द्या, दर स्थिर ठेवा आणि टंचाईत मालाची वाटणी मागच्या विक्रीच्या प्रमाणात करा.

पुढे ली स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन शाळेत गेले आणि ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकाचे संपादकही झाले. २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत त्यांनी लिहिलं की केवळ वेग आणि काटकसर पुरत नाही. साखळी अचानक बदलाला झटपट प्रतिसाद देणारी हवी, बाजार बदलेल तशी स्वतःला बदलणारी हवी आणि तिच्यातल्या सर्वांचं हित एका दिशेला असायला हवं. २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगवर त्यांची निवड झाली.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला गणित पक्कं हवंच. पण तेवढ्याने भागत नाही. साठा वाढला की आपण गोदामवाल्याला किंवा खरेदी विभागाला दोष देतो. ली यांचं काम सांगतं की आधी दोन गोष्टी तपासा: निर्णय कोणत्या टप्प्यावर घेतला जातो, आणि तो घेणाऱ्याच्या समोर कोणता आकडा असतो. माणसं तीच ठेवून या दोन गोष्टी बदलल्या, तरी साखळी सुधारते.