लहान्या बोलत का नाही?

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला गुन्ह्याची गोष्ट म्हटली, की एकच प्रश्न सुचतो: खुनी कोण? मधल्या पानांत लेखकाने कितीही चकवले, तरी शेवटच्या प्रकरणात धनंजय सारे कोडे उलगडून दाखवणार आणि आपण दिवा मालवून निर्धास्त झोपणार!

1981 साली मुंबईच्या एका चित्रपटगृहात मी अशाच निर्धास्त मनाने 'आक्रोश' पाहायला जाऊन बसलो. खुनाचा खटला आहे, एवढेच ऐकले होते. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठून दाराकडे चालू लागले; मी मात्र बराच वेळ जागचा हललो नाही. खुनी कोण, ते चित्रपटात कळले होते. माझी झोप उडवली ती दुसऱ्याच एका गोष्टीने. ती सांगायची, तर आधी त्या चित्रपटाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत.

'आक्रोश' हिंदी, पण त्याची नाळ मराठी मातीत पुरलेली. पटकथा विजय तेंडुलकरांची. समाजात वाढत चाललेल्या हिंसेचा शोध घेण्यासाठी 1973 च्या सुमारास त्यांना नेहरू शिष्यवृत्ती मिळाली होती. नाटककार लिहिण्याचे टेबल सोडून गावोगाव हिंडला, माणसांना भेटला. ते हिंडणे या पटकथेच्या ओळीओळीत जाणवते. दिग्दर्शक गोविंद निहलानी. हे मूळचे छायालेखक. सत्यदेव दुबे यांनी 1971 साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' पडद्यावर आणले तेव्हा कॅमेरा निहलानींच्या हाती होता. पुढे श्याम बेनेगलांच्या 'अंकुर', 'निशांत', 'मंथन' यांचे छायालेखन त्यांनीच केले. स्वतः दिग्दर्शित केलेला हा त्यांचा पहिला चित्रपट, आणि त्याचे छायालेखनही त्यांचेच.

पैसा बेताचा. लाखालाखाचे सेट नाहीत, परदेशच्या बागा नाहीत, तिकीटखिडकीवर रांगा लावणारे नटनट्या नाहीत. जे होते ते रंगभूमीवर मुरलेले. नसीरुद्दीन शहा, ओम पुरी, स्मिता पाटील, अमरीश पुरी. नाना पळशीकर, मोहन आगाशे, आणि चक्क नाटककार महेश एलकुंचवार! पैसा नसला की काय करायचे? माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवायचा आणि थांबायचे. निहलानींनी तेच केले. एरवी श्रीमंत चित्रपटाला हे थांबणे परवडत नाही. त्याला दर दहा मिनिटांनी काहीतरी झगमगीत दाखवावे लागते.

सुरुवातीलाच एक चिता दिसते. चितेला अग्नी देणाऱ्याच्या हातांत बेड्या आहेत. हा लहान्या भिकू, एक आदिवासी मजूर. बायकोचा खून केल्याचा त्याच्यावर आरोप. त्याच्या बाजूने उभा राहणारा तरुण वकील भास्कर कुलकर्णी, आणि समोर सरकारी वकील दुसाने, भास्करचे गुरू. दुसाने स्वतः आदिवासी. शिकून मोठे झालेले, गावातल्या बड्या मंडळींच्या बैठकीत बसणारे. तरी त्यांच्या घरी निनावी दूरध्वनी येतात आणि पलीकडचा आवाज त्यांची जात काढून शिव्या देतो. तेही कोणाला काही सांगत नाहीत.

भास्कर तुरुंगात जातो, पुन्हा पुन्हा जातो. "काय झाले ते सांग," म्हणून विनवतो. लहान्या बोलत नाही. होकार नाही, नकार नाही, नुसता बघतो. ओम पुरींच्या त्या खडबडीत, वणवा विझल्यानंतरच्या डोंगरासारख्या चेहऱ्यावर जवळजवळ सारा चित्रपट उभा आहे. हळूहळू आपल्याला कळते, की गावच्या प्रतिष्ठितांनी त्याच्या बायकोवर अत्याचार केला, तिला संपवले आणि आळ त्याच्यावर घातला. शेवटी लहान्याचा म्हातारा बाप मरतो. अंत्यविधीसाठी लहान्याला पहाऱ्यात आणतात. तिथे त्याची कोवळी बहीण उभी असते. तिच्याही वाट्याला तेच येणार, हे त्याला दिसत असते. तो कुऱ्हाड उचलतो आणि तिच्यावरच घाव घालतो. मग त्याच्या तोंडून आवाज फुटतो. शब्द नव्हे, केवळ आवाज.

या चित्रपटाला 1981 च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वृत्तपत्रांतून स्तुती झाली. मला मात्र त्या अंधारात लहान्याच्या जागी दुसराच एक चेहरा दिसत होता. तो सापगावच्या गड्याचा.

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले, की भातसा नदीच्या काठी सापगाव लागते. ते माझे आजोळ. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आसनगावच्या स्टेशनावर उतरायचो. माहुलीच्या किल्ल्याचे सुळके दिसू लागले, की आईच्या चेहऱ्यावर माहेर उजळायचे. खाचरांत भात पिवळे झालेले, कापणीची घाई, खळ्यावर शेण सारवलेले, आणि परसात चुलाण्यावर तांब्याचे भले मोठे घंगाळ. पहिल्या आंघोळीला त्या घंगाळातले कढत पाणी अंगावर घेण्यासाठी आम्हा पोरांत भांडणे व्हायची.

मामांकडे एक तरुण ठाकूर गडी होता. ठाणे जिल्ह्यात तेव्हा अशांना 'लग्नगडी' म्हणत. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचे. फिटणार कधी, ते हिशेब लिहिणाऱ्याला ठाऊक! गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या काळाचे चित्र लिहून ठेवले आहे. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती 1976 साली. माझी गोष्ट 1967 ची. मामा काही राक्षस नव्हते. आम्हाला खांद्यावर बसवून नदीवर नेणारे, एकादशी न मोडणारे प्रेमळ गृहस्थ होते. पण त्यांच्या वहीत त्या गड्याचे नाव होते.

त्या वर्षी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी घंगाळ नाहीसे झाले.

घरात गलका उडाला. मामींनी पदर डोळ्यांना लावला. ऐन दिवाळीत घरातले तांबे जावे, हा अपशकुन! मामांनी गड्याला अंगणात बोलावले.

"तूच ना रे?"

तो खाली बघत उभा राहिला.

"बोल! कुठे विकलेस?"

तो बोलला नाही. मामांनी त्याच्या थोबाडीत मारली. तरी तो बोलला नाही. पोलिसांत द्यायची भाषा झाली; मग सणासुदीला नको, म्हणून त्याच्या वाट्याचे भात कापून घ्यायचे ठरले. संध्याकाळी तो आणि त्याची बायको गाठोडे घेऊन नदीकडे उतरताना मी पाहिली. पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणाले, की ती दोघे विटांच्या भट्टीवर गेली. त्यानंतर काही कळले नाही.

आता खरी गोष्ट. त्या पहाटे मला जाग आली होती. परसात जाताना मी पाहिले होते, की दिवाळसणाला आलेले आमचे जावईबापू गोणपाटात काहीतरी गुंडाळून मागच्या दाराने निघाले आहेत. त्यांनी मला पाहिले, ओठांवर बोट ठेवले आणि हसले. मी अकरा वर्षांचा होतो. अंगणात गड्याला मार बसला तेव्हा मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचे होते. ते बोललो नाही.

चौदा वर्षे मी मनाची समजूत घालत होतो, की मी लहान होतो. 'आक्रोश' पाहिला आणि ती समजूत मोडली. पुढच्याच रविवारी मी सापगावची वाट धरली. मामा थकले होते. ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. चहा झाला. मी धीर करून सारे सांगून टाकले. वाटले होते, त्यांना धक्का बसेल. कदाचित डोळ्यांत पाणी येईल.

मामांनी झोपाळा थांबवला.

"ठाऊक होते रे," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळले होते आम्हाला."

"मग?"

"मग काय, बाळ? लेकीचा संसार होता."

आणि त्या गड्याचा? हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला. पण समोर म्हातारा माणूस होता, आत मामी कान देऊन होत्या. मी पुन्हा गप्प बसलो.

परतताना पुलावरून भातसेचे पाणी पाहिले आणि तेंडुलकरांनी काय लिहून ठेवले ते मला उमगले. आपण समजतो, लहान्या भिऊन गप्प आहे, किंवा अडाणी आहे म्हणून गप्प आहे. तसे नाही. ज्यांना सांगायचे, त्यांना सगळे आधीच ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक आहे. रहस्यकथेत सत्य कोणालाच माहीत नसते, म्हणून ते शोधणारा लागतो. इथे सत्य गावभर माहीत असते. उणीव असते ती मोठ्याने म्हणणाऱ्याची. म्हणूनच हा चित्रपट पाहून सुखाने झोपता येत नाही.

मामा गेले, मामी गेल्या. स्मिता पाटील, तेंडुलकर, ओम पुरी, तेही गेले. दर दिवाळीला पहाटे मी मुंबईतल्या घरी नळ सोडतो. बादलीत पडणाऱ्या त्या पाण्यात भातसेचे पाणीही असते. पहिला तांब्या अंगावर घेताना मला अंगणात खाली बघत उभा असलेला तो गडी दिसतो. त्याचे नाव मामांच्या वहीत होते. मला ते आठवत नाही; आणि विचारावे, असे आता कोणी उरलेले नाही.