लिपीवरून भाषेचं कूळ ठरत नाही

देवनागरीत लिहिली जाते ती संस्कृतची लेक आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाते ती परकी, हा समज आपल्याकडे चांगलाच मुरलेला आहे. पुराव्यापुढे मात्र तो टिकत नाही. इंडो-आर्य शब्दांची हाती असलेली सर्वांत जुनी लेखी नोंद भारतात नाही, ब्राह्मीतही नाही. ती आजच्या तुर्कस्तानात, बोगाझकोय इथं सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर आहे. इ.स.पू. १४व्या शतकातल्या एका तहनाम्यात मितान्नी राज्याच्या बाजूनं मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकानं घोड्यांच्या फेऱ्या ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’, ‘नव’ अशा मोजल्या आहेत. हे सगळं लिहिलं आहे कीलाकार लिपीत, आणि ही लिपी मुळात सुमेरी भाषेसाठी घडली. त्या भाषेचा आर्यभाषांशी काडीचा संबंध नाही.

अशोकाचे लेख पाहा. सोपाऱ्याला ब्राह्मी आहे, तर शाहबाझगढीला अरामीच्या वळणावर घडलेली, उजवीकडून डावीकडे जाणारी खरोष्ठी. भाषा दोन्हीकडे प्राकृतच. उलट ब्राह्मीच्याच एका रूपात द्राविडी कुळातली तमिळ लिहिली गेली. मालदीवची दिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण, म्हणजे आपलीही नातलग. पण तिची ताना लिपी उजवीकडून सुरू होते आणि तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी अंकांवरून घेतलेली आहेत!

यावर हमखास आक्षेप येतो: उच्चारस्थानांनुसार लावलेली वर्णमाला तर आपल्याच पूर्वजांची, मग देवनागरी आपली कशी नाही? वर्णमाला आपली, हे खरंच. पण तो क्रम ध्वनींचा आहे, अक्षरांच्या वळणाचा नाही. कन्नड-तेलुगूनंही तोच घेतला. शिवाय देवनागरी मराठीच्या मापानं बेतलेली नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन ‘ज’चे उच्चार वेगळे, अक्षर मात्र एकच.

लिपी बदलल्यानं कूळ बदलत नसलं तरी नुकसान होतं, हे मान्य करायला हवं. शतकानुशतकं मराठीचा कारभार मोडीत चालला. पुढे छपाईच्या सोयीपुढे मोडी मागे पडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत, भाषा मराठीच आहे, पण वाचणारे मोजके. २०१४ साली मोडी युनिकोडमध्येही आली. तेव्हा घरातल्या जुन्या पेटीत असे कागद निघाले तर रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा.