सोसायटीच्या बागेतली पंचवीस वर्षं

कमिटीच्या कपाटात एक जाड फाइल आहे. पाठीवर मार्करनं ‘बाग – खेळणी’ असं लिहिलेलं. 1999 पासूनची कोटेशनं, बिलं, रंगाऱ्याच्या पावत्या आणि मधूनमधून चिकटवलेले फोटो तिच्यात आहेत. यंदा बाग नव्यानं करायचं सर्वसाधारण सभेत ठरलं, खेळणी निवडायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं, तेव्हा नवे कॅटलॉग उघडण्याआधी मी ही फाइल पहिल्या पानापासून वाचून काढली. कोथरूडमधल्या आमच्या साठ बाय चाळीस फुटांच्या या जागेत आम्ही तीन वेळा खेळणी बसवली आणि प्रत्येक वेळी जीव लावून निवडली. त्यातलं कुठलं मुलं वर्षानुवर्षं खेळली आणि कुठलं महिन्याभरात सोडून दिलं, हे मात्र फाइलमध्ये कुठेच नाही. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसणाऱ्यांनाच ते ठाऊक आहे. ते कुठेतरी लिहून ठेवावं, म्हणून हा मागोवा.

वाळूचा ढीग

राहायला आलो तेव्हा बागेच्या जागेत एक कडुलिंब होता आणि बिल्डरनं मागे सोडलेला वाळूचा ढीग. मुलांनी त्याचा ताबा घेतला. दोन बाजूंनी हात घालून बोगदा खणायचा, आत बोटांना बोटं लागली की किंचाळायचं, हे दिवसभर चाले. दिवाळीत त्याच ढिगाचा किल्ला झाला. माती थापली, अळीव पेरला, बुरुजांवर मावळे उभे राहिले. तीन वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा एकाच कामात शेजारी शेजारी गुंतलेले मी तेव्हा पाहिले.

ही गोष्ट जगाला आधीच कळलेली होती. मुलं सजवलेल्या मैदानापेक्षा बांधकामाच्या जागी जास्त रमतात, हे डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सेन यांनी पाहिलं होतं. त्यातूनच 1943 साली कोपनहेगनमधल्या एम्ड्रुपमध्ये फळ्या, विटा आणि माती मुलांच्या हाती देणारं मैदान उभं राहिलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा बालवाडीची साधनं आसपासच्या बिया, खडे, पानं, शिंपले यांतूनच उभी केली. हे सगळं मी पुढे वाचलं. त्या वर्षी मात्र ‘बाग नीट दिसली पाहिजे’ म्हणून आम्ही ट्रक बोलावून वाळू उचलून दिली. मुलं गेटपर्यंत ट्रकच्या मागे गेली होती.

लोखंडाची वर्षं

पहिली खेळणी 2000 सालच्या उन्हाळ्यात एका फॅब्रिकेटरनं बनवून दिली. घसरगुंडी, सीसॉ, गोल चक्र आणि दोन बैठकींचा झोका. पिवळा, लाल, निळा रंग. उद्घाटनाला पेढे वाटले.

एप्रिल आला तशी पहिली चूक कळली. घसरगुंडीचा पत्रा पश्चिमेकडे तोंड करून होता. दुपारी चारला त्याला हात लावला तर चटका बसे, आणि मुलं खेळायला उतरायची तीच वेळ. सुटीभर घसरगुंडी रिकामी राहिली. पुढच्या वर्षी ती उखडून कडुलिंबाच्या सावलीत उत्तरेकडे तोंड करून बसवली, तेव्हा तिच्यावर रांगा लागल्या. खेळणं तेच होतं, फक्त जागा आणि दिशा बदलली.

दुसरी चूक दिसायला तीन पावसाळे जावे लागले. पाइप जिथे जमिनीत शिरतो तिथे सिमेंटचा थर मातीच्या पातळीत होता. पाणी साचायचं आणि रंगाखाली गंज धरायचा. वरून चकचकीत दिसणारा सीसॉचा खांब एके दिवशी बुडाशी बोटानं दाबला तर पापुद्र्यासारखा निघाला. वेल्डिंगला येणाऱ्या काकांनी तेव्हा पाइप कसा ओळखायचा ते शिकवलं. भारतीय मानकाप्रमाणे हलक्या पाइपवर पिवळा पट्टा असतो, मध्यमवर निळा आणि जडवर लाल. बाजारात त्यांनाच ए, बी, सी क्लास म्हणतात. रंग चढला की पट्टा झाकला जातो, म्हणून पाइप रंगवण्याआधी बघायचा. सिमेंटचा कट्टा जमिनीच्या वर दोन-तीन इंच उचलायचा आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. या साध्या गोष्टी कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतात.

तिसरी चूक मनाला लागलेली आहे. 2002 च्या मे महिन्यात चार वर्षांचा एक मुलगा चेंडूच्या मागे धावत झोक्यासमोर आला. लाकडी बैठक कपाळाला लागली आणि तीन टाके पडले. झोका आम्ही पायवाटेला चिकटवून लावला होता, चूक आमची होती. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत याचं साधं गणित दिलंय. झोका जिथून लटकतो त्या बिंदूची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी. आठ फुटांवरून लटकणाऱ्या झोक्याला सोळा आणि सोळा, म्हणजे बत्तीस फूट लागतात. आमच्या बागेची रुंदीच चाळीस. याचा अर्थ, बाग आखताना झोक्याची जागा आधी ठरवायची आणि बाकी सगळं नंतर. आम्ही झोका टोकाच्या कोपऱ्यात नेला, लाकडी फळ्या काढून रबरी बैठका लावल्या. त्यानंतर तसा अपघात झाला नाही.

चढायचा सांगाडा

2004 मध्ये गोल चक्राचं बेअरिंग गेलं. त्या जागी आम्ही जंगल जिम आणला. शिकागोजवळच्या विनेट्का गावचे वकील सेबॅस्टियन हिंटन यांना 1923 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. कल्पना त्यांच्या लहानपणातून आलेली होती. त्यांचे गणितज्ञ वडील जपानमध्ये असताना त्यांनी मुलांसाठी बांबूचा चौकोनी सांगाडा बांधला होता. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशा मुलांना अंगानं कळाव्यात, हा त्यांचा हेतू.

आमच्या सांगाड्यावर तो हेतू साधलेला मी रोज पाहिला. चार वर्षांचं मूल पहिल्या दांडीवर उभं राहून खाली बघतं. सहाव्या वर्षी वरच्या चौकटीत पोचतं. आठव्या वर्षी गुडघे अडकवून उलटं लटकतं. दहाव्या वर्षी सांगाड्याचं जहाज होतं, तुरुंग होतो, आणि साखळीचा डाव जमिनीला पाय न लावता खेळायचा नियम निघतो. जुन्या गावांत वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या चालायच्या, तोच खेळ इथे लोखंडावर आला. सांगाडा घेताना एक अंतर मोजायचं. साधारण नऊ ते तेवीस सेंटीमीटरच्या फटीत मुलाचं शरीर शिरतं पण डोकं अडकतं. फट त्याहून लहान असावी किंवा मोठी.

किल्ला आला आणि गेला

2009 मध्ये सोसायटीकडे पैसे होते आणि बाजारात फायबरची खेळणी होती. आम्ही मनोरे, खिडक्या आणि हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी असलेला किल्ला घेतला. आतापर्यंतचं सगळ्यात महाग खेळणं. पहिला महिना शेजारच्या सोसायट्यांतली मुलंही येत होती. दिवाळीनंतर सात वर्षांपुढची मुलं तिकडे फिरकेनाशी झाली. वर चढायचं, सोंडेतून खाली यायचं. हत्ती हत्तीच राहिला, त्याचं दुसरं काही होईना.

आकाराची खेळणी वाईट, असं मला म्हणायचं नाही. मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट मुंबईच्या कितीतरी पिढ्यांनी जपलाय. पुण्याच्या पेशवे पार्कात 1956 पासून धावणाऱ्या फुलराणी या छोट्या आगगाडीसाठी आम्ही आजोबांचा हात धरून गेलो होतो. पण त्या सहलीच्या बागा. वर्षातून दोनदा जायचं, डोळे भरून बघायचं. घराखालच्या बागेत मूल वर्षाचे तीनशे दिवस उतरतं. तिथे खेळण्यानं रोज नवं काहीतरी होऊ दिलं पाहिजे. ॲमस्टरडॅममध्ये 1947 पासून तीन दशकं आल्डो वान आइक या वास्तुरचनाकारानं सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या. रुंद काठाचा वाळूचा हौद, उडी मारत जायचे गोल ठोकळे, कोलांट्या मारायच्या दांड्या, चढायची कमान. प्राण्यांचे आकार त्यांनी मुद्दाम टाळले. कमानीचं काय करायचं हे मुलांनी ठरवायचं. त्या जागांचे फोटो पाहिले तेव्हा आमचा हत्ती का सुटला, ते उमगलं.

उन्हानंही त्या किल्ल्याचं नुकसान केलं. तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात वरचा गुळगुळीत थर पांढुरका झाला आणि आतले काचेचे धागे उघडे पडले. घसरून आलेली मुलं मांड्या खाजवत घरी जाऊ लागली. 2014 च्या शेवटी किल्ला भंगारात गेला.

पायाखालची जमीन

2015 मध्ये आम्ही खेळण्यांआधी जमिनीचा विचार केला. तोवर सगळी खेळणी फरशीवर किंवा मुरमावर उभी होती. मूल पडणार, हे धरूनच चालायचं. ते कशावर पडतं, यावर इजा ठरते. नऊ इंचांचा सैल वाळूचा थर चार फुटांपर्यंतच्या पडण्यासाठी पुरतो, असं ती अमेरिकन मार्गदर्शिका सांगते. आम्ही झोका आणि सांगाड्याखाली रबरी फरशी घातली. ती चांगली निघाली, पण तीही तापते, आणि सांधे उचकटले की पाय अडकतो.

त्याच वर्षी एका कोपऱ्यात वाळूचा हौद केला. खाली खडी, पाणी निचऱ्याला नळी, वर धुतलेली नदीची वाळू. क्रश सँड टोचते आणि धूळ करते, म्हणून ती टाळली. रात्री मांजरं येतात, म्हणून माळीबुवा जाळी ओढतात. ट्रकमधून उचलून दिलेली वाळू परत यायला सोळा वर्षं लागली.

झोक्याची कडी

2020 मध्ये टाळेबंदीत बाग बंद झाली. झोके दोरीनं बांधून ठेवले. गेट उघडलं त्या संध्याकाळी मुलं कुठे धावतात ते मी बाकावरून पाहत होते. सगळी झोक्याकडे धावली.

फाइलमधल्या पंचवीस वर्षांत टिकून राहिलेलं एकच खेळणं म्हणजे हा झोका. बैठका बदलल्या, साखळ्या बदलल्या, आडवा पाइप तोच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात इरंदती ही नागकन्या झोक्यावर बसलेली आहे. नागपंचमीला सासुरवाशिणी झाडाला झोके बांधत आल्या आहेत. झोका कधी सुटत नाही, याचं कारण वयात आहे. दोन वर्षांच्या मुलाला बंद बैठकीत बसवून कुणीतरी हलवतं. पाचव्या वर्षी पाय पुढे-मागे करून झोका आपला आपण चढवता येतो, आणि तो दिवस मुलाला सायकल शिकल्यासारखा आठवतो. आठव्या वर्षी उभ्यानं. बाराव्या वर्षी दोघांनी समोरासमोर. सोळाव्या वर्षी नुसतं बसून, पाय टेकवून, मैत्रिणीशी बोलत.

त्याला जपावं मात्र लागतं. वेल्डिंगवाल्या काकांनी एकदा मला शिडीवर चढवलं आणि वरच्या हुकाच्या पोटात अंगठा फिरवायला लावला. ‘ताई, साखळी तुटत नाही, कडी झिजते,’ ते म्हणाले. खालून धडधाकट दिसणाऱ्या हुकाला आतून नखाएवढी खाच पडली होती, आणि अंगठ्यावर काळी लोखंडाची पूड आली. त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शिडी लावते. खाच जाडीच्या चौथ्या हिश्शाला पोचली की हुक बदलायचा, हा आमचा नियम.

यंदाची यादी

यंदाची यादी छोटी आहे. दोन झोके, त्यांतला एक बंद बैठकीचा. गॅल्व्हनाइज्ड जड पाइपचा चढायचा सांगाडा. उत्तरेकडे तोंड करून, सावलीत, मातीच्या उंचवट्याला टेकवलेली घसरगुंडी, म्हणजे उंचीवरून पडायची भीतीच नाही. वाळूचा हौद दुप्पट मोठा, शेजारी नळ. थोडे ओंडके, थोडे बांबू, किल्ल्यासाठी मातीचा राखीव कोपरा. तीन कोटेशनं आली. त्यातलं एक रंगीत मनोऱ्यांचं होतं, ते मी सभेत मांडलं आणि हत्तीची गोष्ट सांगितली. मंजूर रकमेचा तिसरा हिस्सा खेळण्यांवर खर्च न करता पुढच्या दहा वर्षांच्या हुक, साखळ्या, वाळू आणि रंगासाठी वेगळा ठेवायचा, हा ठरावही झाला. मला त्याचं समाधान सगळ्यात जास्त आहे.

वॉचमनच्या केबिनमध्ये आता एक वही टांगली आहे. तारीख, काय तपासलं, काय बदललं. गेल्या रविवारी माझा गुडघा दुखत होता, म्हणून शिडीवर सातवीतली एक मुलगी चढली. तिनं हुकात अंगठा फिरवला, वर करून दाखवला आणि खाली उतरून वहीत आपल्या अक्षरात लिहिलं : ‘डावा झोका – खाच थोडी. पुढच्या महिन्यात परत बघायचं.’