सळई जाड म्हणजे पिंजरा पक्का?

घरात, गोठ्यात किंवा धान्याच्या कोठीत उंदीर-घुशींचा उपद्रव वाढला की अनेकजण पिंजरा घरीच बनवायला घेतात. मार्ग चांगला आहे. विषाची भीती नाही आणि प्राणी जिवंत पकडता येतो. मात्र सळईबद्दलच्या काही ठाम समजुतींपायी पिंजरा विनाकारण जड होतो, झडप नीट पडत नाही किंवा सापडलेला जीव जखमी होतो. पिंजऱ्याच्या प्रत्येक भागाचं काम वेगळं असतं. ते काम पाहून सळई निवडली, तर यातल्या बहुतेक अडचणी येतच नाहीत.

गैरसमज: सळई जितकी जाड, तितका पिंजरा मजबूत.
वस्तुस्थिती: जाडीने ताठपणा वाढतो हे खरं. ३ मिमीऐवजी ४ मिमीची सळई घेतली तर ती तिपटीहून अधिक ताठ होते आणि वजन पावणेदोनपट होतं. पण त्याच ३ मिमीच्या सळईला मधोमध एक आडवा आधार दिला, तर तेवढ्याच भाराखाली तिचा झोक जवळपास आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून जाडीच्या आधी आधारांमधलं अंतर कमी करावं. घरातल्या उंदरांसाठी ४ मिमीची चौकट आणि त्यावर बारीक जाळी पुरते. जाळीची फट ६ मिमीपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान उंदीर निसटतात. मोठी घूस किलोभर भरते आणि तिचे दातही दणकट असतात. तिच्यासाठी पिंजरा प्रशस्त आणि जाळीची तार जाड हवी.

गैरसमज: स्प्रिंगची कडक तार सगळीकडे वापरली तर पिंजरा वाकणारच नाही.
वस्तुस्थिती: सारख्याच जाडीची साधी सळई आणि स्प्रिंगची तार हलक्या भाराखाली जवळपास सारखीच झुकतात. फरक पुढे दिसतो. भार वाढला की साधी सळई वाकून तशीच राहते, स्प्रिंगची तार मात्र मूळ जागी परत येते. हा गुण झडप ओढणाऱ्या स्प्रिंगला हवा. चौकट, कडी आणि आकडा यांसाठी साधं माइल्ड स्टीलच बरं, कारण ते हवं तसं वळतं आणि दिलेला आकार धरून ठेवतं.

गैरसमज: बांधकामातून उरलेली टीएमटी सळई फुकटात मिळते, तीच वापरावी.
वस्तुस्थिती: टीएमटीची बरीचशी ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते. त्यामुळे तिला लहान गोलाईत वाकवलं तर बाहेरच्या बाजूने तडे जाऊ शकतात. ८ मिमीची सळई मीटरला सुमारे ४०० ग्रॅम भरते. शिवाय तिच्या उंच रेघांवर झडपेची कडी अडकते. काँक्रीटमधलं तिचं काम वेगळं, इथलं वेगळं.

गैरसमज: तापवून लाल केली की कोणतीही सळई सहज वाकते.
वस्तुस्थिती: वाकते, पण त्याची किंमत मोजावी लागते. स्प्रिंगची तार लाल होईपर्यंत तापली की तिचा ताण जातो आणि झडप ढिली पडते. जस्ताचा मुलामा असलेली तार तापवली तर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप, थंडी, अंगदुखी होते. ३-४ मिमीची साधी सळई व्हाइसमध्ये धरून थंडच वाकवावी. वाकवताना मुलामा किंचित तडकला तरी तार वाया जात नाही, कारण आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून त्या जागेला गंजापासून वाचवतं.

गैरसमज: कोपरा टोकदार काटकोनातच वाकवला पाहिजे.
वस्तुस्थिती: आतली गोलाई निदान सळईच्या जाडीइतकी ठेवावी, स्प्रिंगच्या तारेसाठी त्याहून जास्त. हात सोडला की सळई थोडी मागे येते, म्हणून ९० अंशांच्या जरा पुढेपर्यंत वाकवावी. किती पुढे, ते आधी तुकड्यावर पाहून ठरवावं. गोलाईमुळे लांबीही कमी लागते. बाहेरून ४०० × १५० मिमीच्या चौकटीची बेरीज ११०० मिमी होते, पण ४ मिमीची सळई वापरली आणि गोलाईही तेवढीच ठेवली तर प्रत्यक्षात १०७४ मिमीच पुरते. कापलेली टोकं कानशीने घासून बाहेर वळवावीत. आत राहिलेल्या टोकांवर घाबरलेला प्राणी तोंड फोडून घेतो.

गैरसमज: जमीन आपली, तर सापळाही आपल्या मर्जीचा.
वस्तुस्थिती: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राण्याला फासात किंवा सापळ्यात पकडणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा, शिकारच ठरते. रानडुक्कर, ससा, मुंगूस, उदमांजर हे सगळे त्यात येतात. कोकणात रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासक्यांत बिबटे अडकून तडफडत मेले आहेत. फासकी समोर कोण आलं ते पाहत नाही, म्हणून ती लावूच नये. पिकाचं नुकसान झालं असेल तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. वन्यप्राणी अडकलेला दिसला तर १९२६ या क्रमांकावर कळवावं.

उंदरांचा पिंजराही रोज सकाळी आणि संध्याकाळी पाहावा. आत मुंगूस किंवा उदमांजर सापडलं तर तिथेच लगेच सोडून द्यावं. पिंजरा हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर तो धुवावा, कारण उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो. स्वतः बनवलेल्या पिंजऱ्याची एवढी जबाबदारी बनवणाऱ्याचीच आहे.