गेमच्या कपाटाची सुतारकी

‘मुस्तफा’ हे नाव ऐकलं की आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ जणांची बोटं अजून शिवशिवतात. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या खेळाला आपल्या पोरांनी त्यातल्या एका पात्राचंच नाव देऊन टाकलं. खेळ जपानी होता, पण तो ज्या उभ्या कपाटात चालायचा ते अनेकदा आपल्याच सुतारांनी प्लायवूड कापून बांधलेलं असायचं. १९८५ साली जपानमध्ये ‘जामा’ हे मानक ठरलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांची तारजोडणी एकसारखी झाली. कपाट कुणीही बांधावं आणि आत हवा तो खेळ बसवावा, हे त्यामुळेच जमलं. म्हणून असं जुनं कपाट उभं करायचं तर आधी सुताराकडे जावं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे नंतर.

गोव्यात पेडणे-डिचोलीकडे त्यासाठी मेस्त, म्हणजे सुतार, आहेत. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट त्यांच्या हातची. शिगम्यात घोडेमोडणी करणारे गडी कमरेला जे लाकडी घोडे बांधतात, त्यांची दुरुस्तीही अशाच हातांतली. त्या भागातल्या जुन्या घरांची फणसाची, सागवानी दारं जवळून पाहावीत. कुलपाची जागा बदलली की जुन्या भोकात लांबी भरून मेस्त मोकळा झालेला नसतो. भोकाभोवतीचं लाकूड त्याने पटाशीने चौकोनी कोरून काढलेलं असतं आणि त्याच जातीचा, त्याच दिशेच्या धाग्यांचा तुकडा तिथे ठोकून बसवलेला असतो. वर रंधा फिरला की नुसती बारीक रेघ उरते. चूक दुरुस्त करायची तर ती आधी मोठी करावी, तिच्या कडा सरळ कराव्यात आणि मग लाकडाने लाकूड भरावं. गेमच्या कपाटालाही मला हीच पद्धत पटते. लांबीने भरलेली जागा रंगाखाली छान दिसते, पण त्यात स्क्रू घट्ट धरत नाही.

बटणाचंच घ्या. जपानी बटणाला ३० मिलिमीटरचं भोक लागतं, अमेरिकी धाटणीच्या बटणाला साधारण २८. भोक दोन सूत बाजूला पडलं आणि त्याला लागूनच दुसरं पाडायला गेलं की होल सॉच्या मधल्या ड्रिलला टेकायला लाकूडच उरत नाही. करवत घसरते आणि भोक अंड्यासारखं होतं. तेव्हा आधी जुनं भोक नेमकं गोल करून त्यात प्लायवूडचा घट्ट डट्टा गोंद लावून बसवावा, मागून पट्टी चिकटवावी, रात्रभर क्लॅम्पखाली ठेवावं. नवं केंद्र नंतर आखायचं. घाई इथेच नडते.

कडेला टी-मोल्डिंगची प्लास्टिकची पट्टी बसते, तिची खोबण जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. ती मधोमध न पडता कडेकडे सरकली, तर लाकडाची पातळ चीप गोंदात बुडवून आत सरकवावी, सुकल्यावर कडेबरोबर तासावी आणि राउटर पुन्हा चालवावा. दोन्ही बाजूंच्या फळ्यांत फरक पडला असेल तर एकीवर दुसरी बांधून दोन्ही एकाच वेळी घासाव्यात, नाहीतर पडद्याची चौकट पिळवटते.

सगळ्यात वाईट अवस्था असते ती तळाची. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला भुसा; त्यात पाणी शिरलं की तो फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत बसत नाही. अशा तळावर लांबी थापणं म्हणजे पैसा वाया घालवणं. ओल जिथवर चढली आहे त्याच्या चार बोटं वर सरळ रेषेत फळी कापावी, खालचा भाग प्लायवूडचा करावा आणि सांध्याला आतून रुंद पट्टी द्यावी. फेव्हिकॉल १९५९ साली आला, त्याआधी सुतारांना हाडा-चामड्याचा सरस तापवून वापरावा लागे. पण साधा पांढरा गोंद पाण्यात टिकत नाही, इथे पाण्याला दाद न देणारा प्रकारच हवा. नव्या फळीच्या कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण पाणी तिथूनच शिरतं. खाली रबरी पाय लावून कपाट जमिनीपासून उचलून ठेवावं.

यातलं काहीही करण्यापूर्वी जुना पडदा जाणत्या माणसाकडून बाहेर काढून घ्यावा. काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो, आणि पटाशी चालवणाऱ्या हाताला तो दिसत नाही.

काम काढायचं ते दिवाळीनंतर. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं. आषाढात घट्ट बसवलेला डट्टा चैत्रात सैल होतो.