उजेडात जागी होणारी पूड

भिंतीच्या पांढऱ्या रंगात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडची पूड असते. दिसायला साधीभोळी! पण १९८५ साली तादाशी मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी तिला प्लॅटिनमची जोड देऊन ती जंतू असलेल्या पाण्यात मिसळली, वर प्रखर दिवा लावला. तास-दोन तासांत जंतू खलास!

कसे? अतिनील किरण पडताच पुडीतले इलेक्ट्रॉन टुणकन उडी मारतात. मग पाणी आणि ऑक्सिजनपासून भलतेच तापट कण बनतात. ते जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. पूड मात्र जशीच्या तशी. म्हणूनच ती उत्प्रेरक.

जपानमध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या फरश्यांवर तिचा थर दिला. पण अंधार झाला, की स्वारी झोपली! म्हणून थरात चांदी नि तांबंही घातलं. तांबं म्हणजे आजीच्या घागरीचंच हं! ते अंधारातही जंतू मारतं.