पट्टा तुटला, माप शिल्लक आहे

विहिरीजवळच्या खोपटात धूळ खात पडलेले जुने डिझेल इंजिन तुम्ही पाहिले असेल. शेजारी उसाचा चरक किंवा कडबा कापायचे यंत्र असते. दोन्ही यंत्रे दुरुस्त होण्याजोगी असतात. पण त्यांना जोडणारा पट्टा कुजलेला असतो. त्यावरचा क्रमांक पुसलेला, माहितीपुस्तक हरवलेले. एवढ्यासाठी चांगले यंत्र भंगारात जाते. खरे तर पट्ट्याचे माप पुस्तकात शोधायची गरज नाही. ते दोन पुल्यांतच दडलेले असते.

आधी सपाट पट्टा घेऊ. समजा, पुल्यांचे व्यास ६० व ३० सें.मी. आणि त्यांच्या केंद्रांतील अंतर ३ मीटर आहे. पट्ट्याचे दोन सरळ भाग मिळून ६०० सें.मी. झाले. प्रत्येक पुलीला साधारण अर्धा वेढा पडतो, म्हणून व्यासांच्या बेरजेला १.५७ ने (पायच्या निम्म्याने) गुणू : १४१.४. सरळ भाग किंचित तिरपे असतात. त्यासाठी व्यासांतील फरकाच्या वर्गाला अंतराच्या चौपटीने भागू : ०.७५. एकूण लांबी सुमारे ७४२ सें.मी. यंत्र इंजिनाच्या उलट दिशेने फिरवायचे असेल तर पट्टा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फुलीने घालतात. तेव्हा शेवटच्या पदात फरकाऐवजी बेरीज घ्यावी. लांबी ७४८ सें.मी. येते. म्हणून फिरण्याची दिशा आधी पाहावी. कॅनव्हास-रबराचा सपाट पट्टा हव्या त्या लांबीचा कापून धातूच्या क्लिपांनी जोडता येतो. नवा पट्टा चालून थोडा लांबतो, हेही ध्यानात ठेवावे.

लांबी बरोबर असूनही पट्टा घसरतो, असे का? लिस्टर धर्तीचे ६ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते. त्यावर ३० सें.मी. व्यासाची पुली असेल तर पट्टा सेकंदाला सुमारे १० मीटर धावतो. शक्तीला वेगाने भागले की ओढ मिळते : सुमारे ४४० न्यूटन, म्हणजे ४५ किलोग्रॅम वजनाएवढी. ही ओढ म्हणजे ताठ व सैल बाजूंच्या ताणांतील फरक. तो किती पेलेल, हे अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलर यांच्या सूत्रावरून काढता येते. घर्षणांक ०.३ असेल, तर १८० अंशांच्या वेढ्याला ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या २.६ पट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. १५० अंशांना ही मर्यादा २.२ पटींवर येते. म्हणून आडव्या मांडणीत सैल बाजू वर ठेवतात. झोळामुळे वेढा वाढतो. पट्टा नुसता आवळत गेल्यास बेअरिंग झिजते.

सपाट पट्ट्याची पुली मध्यभागी किंचित फुगीर असते. पट्टा उंच भागाकडे सरकतो, म्हणून तो मध्यावर टिकतो. वर्गात दोन गोल डब्यांवर रुंद रबरी पट्टी चढवून एका डब्याच्या मध्यावर चिकटपट्टीचे काही वेढे द्या आणि डबे फिरवून पाहा.

व्ही बेल्टची गोष्ट वेगळी. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. त्यामुळे तेवढ्याच ताणात घर्षण सुमारे तिप्पट मिळते. ‘बी ६८’ या खुणेत ‘बी’ म्हणजे वरची रुंदी १७ मि.मी. आणि ६८ म्हणजे आतील लांबी, इंचांत. ‘ए’ची रुंदी १३ मि.मी. असते. क्रमांक पुसला असेल तर जुन्या, ताणलेल्या पट्ट्याच्या लांबीवर विसंबू नये. सरकवता येणारी पुली मध्यावर ठेवून न ताणणारी दोरी खाचांतून फिरवावी, जवळचा क्रमांक घ्यावा आणि दुकानात बसवून पाहण्यासाठी अदलाबदलीची बोली करावी. अरुंद पट्टा खाचेच्या तळाला टेकला की पाचरीचा फायदा संपतो.

हे माप घेताना इंजिन बंद आणि इंधनाचा कॉक मिटलेला हवा. चालू पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा मुलांचे हात जाता कामा नयेत. सेकंदाला १० मीटर धावणारा पट्टा माणसाला सावरायला वेळ देत नाही. पट्टा बसला की त्यावर जाळी बसवावी, आणि मगच इंजिनाला हँडल मारावे.